नानांचा पुकारा

नाना फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नसत. "केज बोलतंय," म्हणत. स्टँडवरचा फोन असो, घरचा असो, नाहीतर पुण्याहून लेकीनं केलेला असो, पलीकडचं माणूस तोंड उघडायच्या आत हे सांगून मोकळे, "केज बोलतंय." लेक एकदा वैतागली. म्हणाली, बाबा, मी तुमच्याशी बोलायला फोन केलाय, तालुक्याशी नाही. तिला राग कशाचा आला हे नानांना शेवटपर्यंत कळलं नाही. आयुष्यभर डेपोंशी असंच बोलत आलेला माणूस, घरी आला म्हणून वेगळं काय बोलणार?

केजच्या एसटी स्टँडवर नाना कंट्रोलर होते. कागदोपत्री वाहतूक नियंत्रक, पण तो शब्द कागदावरच राहिला, लोकांच्या तोंडी कधी रुळला नाही. मी आधी कंडक्टर होतो. गुडघ्यांनी दगा दिला तसं मला गाडीवरून उतरवून नानांच्या हाताखाली केबिनमध्ये बसवलं. बसवलं हे आपलं म्हणायचं. पहिल्याच दिवशी मी खुर्चीत बसल्या बसल्या माइकचं बटण दाबलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं. बसून पुकारलं की आवाजही बसतो, म्हणाले. ते स्वतः प्रत्येक गाडीला उठून उभे राहत, शर्टाचं वरचं बटण लावत, माइकवर टाकलेला आपला धुतलेला रुमाल सारखा करत आणि मग बोलत. दिवसाकाठी इतक्या उठबशा काढून त्यांचे गुडघे शाबूत आणि गाडीत उभं राहून माझे गेले, याचा मला जरा रागच होता.

'अनाउन्समेंट' हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. त्यांचा शब्द पुकारा. त्यांचे वडील कोर्टात शिपाई होते, दाराशी उभं राहून वादी-प्रतिवादींची नावं पुकारायचे. नाना सांगायचे, आमच्या घरात जमीन न्हाई, पण गळा हाय. वडिलांनी म्हणे एकदाच एक नाव चुकीचं घेतलं होतं आणि त्यानंतर आठ दिवस ते जेवताना कुणाशी बोलले नव्हते. ही गोष्ट नाना मला इतक्या वेळा सांगत की मी ती ऐकता ऐकता रजिस्टर भरून टाकायचो.

आमच्या भागात एकाच नावाची गावं ढीगभर. केजवरून दोन पिंपळगावांना गाड्या सुटायच्या, एक माळावरचं आणि एक घाटाखालचं. दोन्ही गाड्यांच्या पाटीवर नुसतं 'पिंपळगाव'. नाना मात्र नुसतं पिंपळगाव कधी म्हणत नसत. "माळावरच्या पिंपळगावची गाडी तीन नंबरला लागली हाय. घाटाखालच्यांनी बसू नये. त्यांची गाडी यायची हाय." असा सगळा पाढा दोनदा. एकदा विभागातून आलेल्या साहेबांनी हटकलं की एवढं लांबण कशाला लावता, पाटी आहेच की गाडीवर. नाना नम्रपणे म्हणाले, "साहेब, ज्याला पाटी वाचता येती त्याला माजी गरजच न्हाई. मी पुकारतो ते ज्याला वाचता येत न्हाई त्याच्यासाटी. त्याची पाटी म्हंजी माजा आवाज." साहेब गेले आणि पुकारा होता तेवढाच लांब राहिला.

नम्रता होती, पण ती वापरायची कुणापुढं हे त्यांचं ते ठरवत. एका निवडणुकीत एका पुढाऱ्याचा माणूस केबिनमध्ये आला. बाजारतळावर सभा आहे, गर्दी व्हायला पाहिजे, तेवढं भोंग्यावरून सांगा, म्हणाला. नाना आधी नको म्हणाले. तो हटेना, वर साहेबांचं नाव घ्यायला लागला. मग नाना उठले, बटण लावलं आणि पुकारलं, "ज्यांची गाडी चुकली आसंल आन दुसरी गाडी न्हाई, त्यांनी बाजारतळावर सभा हाय, तिकडं जाऊन बसावं." सगळं स्टँड हसलं. पंधरा दिवसांत नानांची पाटोद्याला बदली झाली. तीन महिन्यांत ती रद्दही झाली, कारण त्या तीन महिन्यांत केजच्या स्टँडवर जो घोळ झाला तो निस्तरता निस्तरता डेपो मॅनेजरच रजेवर गेले.

सगळ्यात मला आवडायची ती त्यांची शेवटची फेरी. संध्याकाळच्या गाड्या एकेक करून निघाल्या, फलाट रिकामे झाले की नाना केबिनमधून खाली उतरत आणि सगळी बाकडी हिंडून येत. कुणी अजून बसलेलं दिसलं की त्याच्याशेजारी जाऊन बसत. ते म्हणत, गर्दीत समदे सारखेच दिसतेत, समदे गेल्यावर जो बसून राहतो त्याचं काहीतरी बिनसलेलं आसतंय. आणि बहुतेक वेळा असायचं. सासरी भांडून आलेली पोरगी, लेकाकडं जायला निघालेला आणि लेकाचा पत्ता हरवलेला म्हातारा, एकदा तर चक्क परीक्षेत नापास झालेला एक मास्तर. नाना त्यांना चहा पाजत, कुठं जायचं ते हळूच काढून घेत आणि ओळखीच्या जीपमध्ये बसवून देत. मी त्यांना चिडवायचो की हे कंट्रोलरचं काम नाही. मग कुणाचं हाय, एवढंच विचारायचे.

आता स्टँडवर यंत्रातली बाई बोलते. आवाज गोड आहे, उच्चार शुद्ध आहेत, आणि ती नुसतं पिंपळगाव म्हणते. मी तिथून जाताना अजून मान वर करून भोंग्याकडं बघतो. नानांच्या आवाजाची इतकी सवय होती की गेटवरचे केळीवाले हमीदचाचा केळी तोलता तोलता थांबायचे, पुकारा संपला की पुढचं माप टाकायचे. मला ते दिवस फार आठवतात, आणि आठवले की बरं वाटतं, हे सरळच सांगून टाकतो.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना नाना बदलायला लागले. आधी मुतखडा झाला. मग पुन्हा झाला. आमच्याकडं मुतखडा म्हटलं की दोष बोअरच्या पाण्याला, त्यामुळं नानांनी घरचं पाणी उकळून, गाळून, शेवटी दुसऱ्या गल्लीतून आणून पाहिलं. तिसऱ्यांदाही झालाच. हाडं दुखायची, म्हणून मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून ते कॅल्शियमच्या गोळ्या खायला लागले, वर दूध. दिवसभर तहान लागायची, केबिनमध्ये दोन-दोन बाटल्या रिकाम्या व्हायच्या. त्याहून वाईट म्हणजे ते चिडायला लागले, गप्प बसायला लागले, आणि विसरायला लागले. ज्या माणसाला पन्नास गावांच्या गाड्या तोंडपाठ, तो धारूरची गाडी किती वाजता हे मला विचारू लागला. काकू, म्हणजे त्यांची बायको, मला एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या की हे बसल्या जागी हरवतात रे. आम्ही सगळ्यांनी त्याला वय म्हणून टाकलं. ड्रायव्हर लोक जरा वाईट शब्दांत म्हणायचे, म्हातारा चळला.

त्याच दिवसांत ते झालं. सकाळची गर्दी होती. तीन नंबरला गाडी लागली, माळावरची. नाना उठले, बटण लावलं आणि खणखणीत आवाजात पुकारलं, "घाटाखालच्या पिंपळगावची गाडी तीन नंबरला लागली हाय. माळावरच्यांनी बसू नये." दोनदा. मी रजिस्टरात डोकं घालून होतो, मला काही खटकलं नाही. नेहमीचे लोक आपापल्या गाडीच्या ड्रायव्हरला ओळखत होते, ते चढले. एक बाई मात्र पुकारा ऐकून धावत आली आणि चढली. चौसाळ्याकडून पहिल्या गाडीनं आलेली, पन्नाशीची. घाटाखालच्या पिंपळगावात तिची आई गेली होती आणि ती मातीला निघाली होती. आमच्याकडं अंत्यविधीला माती म्हणतात. तिनं पिंपळगावचं तिकीट मागितलं, कंडक्टरनं पिंपळगावचं दिलं. तोंडाला पदर लावून ती रडत बसली, बाहेर पाहिलंच नाही. उतरली तेव्हा कळलं की हे गाव दुसरंच.

ती त्याच गाडीनं दुपारी परत केजला आली. कंडक्टरनं आम्हाला सगळं सांगितलं. नाना खाली उतरले, तिचं नाव-गाव विचारलं, स्वतः जीप ठरवून तिला बसवून दिलं. पण तोवर आईची माती होऊन गेली होती, हे त्यांनाही माहीत होतं आणि तिलाही. वर आल्यावर त्यांनी माइकवरचा आपला रुमाल काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "आता तू पुकारत जा." मला वाटलं, आजच्यापुरतं म्हणतायत. त्यानंतर त्यांनी माइकला हात लावला नाही. निवृत्तीच्या दिवशी हार घातल्यावर लोक म्हणाले, नाना, एक शेवटचा पुकारा होऊन जाऊ द्या. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

त्यांचं दुखणं सापडलं ते अंबाजोगाईच्या एका तरुण डॉक्टरला. चौथ्या मुतखड्याला नाना त्याच्याकडं गेले. त्यानं खड्याची गोष्ट ऐकली, हाडांची ऐकली, आणि काकूंना विचारलं, विसरतात का? मग रक्तातलं कॅल्शियम तपासलं. ते एवढं चढलेलं होतं की त्यानं आधी त्या गोळ्या बंद करायला लावल्या आणि मग आणखी एक तपासणी सांगितली. मानेत थायरॉइडच्या मागं तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. शरीरातल्या कॅल्शियमवर त्यांची नजर असते. त्यातली एखादी माजली की ती हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात ओतत राहते. मग खडे होतात, हाडं ठणकतात आणि डोक्यावर धुकं धरतं. त्यानं कागदावर चित्र काढून दाखवलं. इलाज एकच, ती ग्रंथी काढून टाकणं. पण चारांतली माजलेली कोणती आणि ती आहे कुठं, हे आधी शोधायला पाहिजे. त्यासाठी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात स्कॅन करायचा. जागा न शोधता चाचपडत बसलं तर मानेच्या दोन्ही बाजू उघडाव्या लागतात, आणि आवाजाची नस तिथूनच जाते.

आवाजाची नस म्हटल्यावर काकूंनी डोळ्याला पदर लावला. नानांनी फक्त एक विचारलं. "डॉक्टरसाहेब, ह्या कॅल्शियमनं माणूस चुकीचं बोलू शकतो का? म्हंजी डोक्यात एक गाव आन तोंडात दुसरं?" डॉक्टर म्हणाला, होऊ शकतं. नाना म्हणाले, होऊ शकतं म्हंजी झालंच आसं न्हाई. डॉक्टरला त्या प्रश्नामागचं काही माहीत नव्हतं, तो पुढच्या पेशंटकडं वळला.

स्कॅनला मी बरोबर गेलो. लेक पुण्यात, काकूंना प्रवास झेपत नाही, आणि मला तसंही जायचंच होतं. पहाटेची गाडी धरली. सगळ्या वाटेत नाना प्रत्येक स्टँडवर उतरून तिथल्या कंट्रोलरचा पुकारा ऐकत आणि परत येऊन नाक मुरडत.

दवाखान्यातल्या त्या विभागाच्या दारावर 'न्यूक्लिअर मेडिसिन' अशी पाटी होती. आत एक तरुण मुलगी, तंत्रज्ञ, परळीकडची निघाली. तिनं समजावून सांगितलं की दंडात थोडं किरणोत्सारी औषध टोचायचं, ते रक्तातून मानेत जातं आणि कॅमेऱ्याला त्याची चमक दिसते. नानांनी तिची उलटतपासणीच घेतली. औषध निघतं किती वाजता, मानेत पोचतं किती वाजता, वाटेत कुठं थांबतं का. थांबतं की, हृदयात, लाळेच्या ग्रंथीत, सगळीकडं थोडं थोडं, ती म्हणाली. मग विनाथांबा न्हाई, असं म्हणून नाना मला डोळा घालून हसले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं.

औषध टोचलं. पाव तासानं त्यांना एका अरुंद टेबलावर उताणं झोपवलं, खांद्याखाली उशी, मान मागं, आणि कॅमेऱ्याची मोठी तबकडी अगदी हनुवटीजवळ आणली. हलायचं नाही, गिळायचंही जमेल तितकं कमी. आयुष्यभर बोलण्यावर जगलेला माणूस तिथं तोंड मिटून पडून होता. पहिला फोटो झाल्यावर मी काचेतून विचारलं, दिसलं का? ती म्हणाली, आता सगळंच चमकतंय, थायरॉइड पण आणि मागच्या ग्रंथी पण, यातून काही निवडता येत नाही. दोन तासांनी दुसरा फोटो काढायचा. तोवर थायरॉइडमधलं औषध निघून जातं. जी ग्रंथी जास्त काम करते ती मात्र धरून ठेवते. सगळं विझल्यावर एक ठिपका उरला तर तीच.

मी बाहेर येऊन नानांना हे सांगायला लागलो, पण त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. म्हणाले, "शेवटची गाडी गेल्यावर बाकड्यावर कोन उरतो ते बघायचं. आपलंच काम करायलेत की हे लोक." आणि ती मुलगी पाण्याची बाटली घेऊन आली तेव्हा तिलाही त्यांनी हे ऐकवलं. ती म्हणाली, आमच्या प्राध्यापकांना एवढं सोपं करून सांगता आलं नव्हतं.

ते दोन तास आम्ही एका लांब गल्लीत लोखंडी खुर्च्यांवर बसून काढले. आज दिवसभर लहान लेकरांच्या आणि पोटुशा बायकांच्या जवळ जायचं नाही असं सांगितलं होतं. त्यामुळं कुणी लेकरू घेऊन आलं की नाना उठून पार टोकाला जाऊन उभे राहत. पुन्हा येऊन बसले की घड्याळ बघत. मी सहज म्हणालो, काळजी करू नका, काही निघणार नाही. ते माझ्याकडं वळून बघायला लागले.

"काही न्हाई निघालं तर?"

"तर बरंच की, नाना."

"बरं कसं?" त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "काही न्हाई निघालं तर ती चूक माजी झाली रे. त्या बाईच्या मायेची माती. मग मी म्हातारा झालो, डोकं गेलं, आन तरी खुर्ची सोडली न्हाई, आसं झालं. ठिपका दिसला पायजे."

मी म्हणालो की रक्ताच्या रिपोर्टानं आजार आधीच सांगितलाय, स्कॅन फक्त जागा दाखवणार. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, ठिपका दिसला नाही म्हणजे आजार नाही असं नसतं. नाना म्हणाले, "रिपोर्ट कागद हाय. मला बगायचं हाय." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी बाईला जीपमध्ये बसवताना तिला सांगायचं म्हणून ते तिच्यासमोर उभे राहिले होते, आणि तोंडच उघडलं नाही. "समद्या तालुक्याला वरडून सांगनारा मानूस, आन तिला येक वाक्य सांगता आलं न्हाई." त्यानंतर रोज वाटायचं की चौसाळ्याला जावं. पण जाऊन काय सांगू, ह्या डोक्याचा मलाच भरवसा न्हाई तर, असं ते म्हणाले. आजारी असलेला माणूस आजार दिसावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दुसरा फोटो झाला. मग कॅमेरा मानेभोवती फिरवून आणखी एक झाला, ठिपका किती खोल आहे ते कळायला. विभागाच्या डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. पडद्यावर मान अंधारी झाली होती. थायरॉइड जवळजवळ विझलं होतं आणि डाव्या बाजूला, खाली, एकच ठिपका ठसठशीत पेटलेला. डॉक्टर म्हणाले, ही आहे. नाना खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेले. किती मोठी, असं विचारलं. मुगापेक्षा मोठी, चिंचोक्यापेक्षा लहान, ती परळीची मुलगी म्हणाली. "येवडीच?" असं म्हणून ते कितीतरी वेळ बघत राहिले. मी त्यांना बाहेर आणलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, पण चेहरा मोकळा होता.

जागा नेमकी सापडल्यामुळं सर्जननं एकाच बाजूनं, दोन बोटांएवढी चीर घेऊन ती गाठ काढली. शुद्धीवर आल्यावर नाना पुटपुटले ते आम्हाला आधी कळेना. कान लावला तर म्हणत होते, केज बोलतंय. काकू रडता रडता हसायला लागल्या. आवाज पंधरा दिवस घोगरा राहिला, मग परत आला, एखादी पट्टी खाली. ऑपरेशननंतर काही आठवडे कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायला सांगितल्या. आधी बंद म्हणता, आता चालू म्हणता, तुमचं येळापत्रक बी एसटीवानीच हाय, असं नानांनी डॉक्टरांना ऐकवलं. महिनाभरात डोक्यावरचं धुकं हटत गेलं. एका सकाळी त्यांनी अंगणात बसून सगळ्या गाड्यांच्या वेळा मला म्हणून दाखवल्या, बंद झालेल्या फेऱ्यांसकट.

भेटायला येणारा जो तो म्हणायचा, नाना, बघा, दोष तुमचा नव्हताच, गाठीचा होता. नाना ऐकून घ्यायचे. हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत. मला वाटलं, विषय मिटला.

नागपंचमी होऊन गेल्यावर एका सकाळी ते माझ्या दारात उभे. धुतलेला पांढरा शर्ट, हातात दवाखान्याची पिशवी, तिच्यात स्कॅनचे फोटो. चौसाळ्याला जायचं हाय, चल, म्हणाले. बाईचं नाव-गाव त्यांनी त्या दिवशीच चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं.

चौसाळ्याच्या अलीकडं एका वस्तीवर तिचं घर होतं. तिनं आम्हाला ओळखलं नाही. पाणी दिलं, चहा टाकला. नाना म्हणाले, मी केजच्या स्टँडवरचा कंट्रोलर, तुमी तुमच्या आईच्या मातीला निघालता तवा मी पुकारत होतो. बाईच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"आक्का, गाडी माळावरची व्हती. मी घाटाखालची म्हनून पुकारली. चूक माजी व्हती. त्याच दिवशी सांगायला पायजे व्हतं, न्हाई सांगितलं."

तिनं चिमटा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "म्हंजी तुमी खालचंच म्हनलं व्हतं?"

"व्हय."

"मला तसंच ऐकू आलतं," ती म्हणाली, आणि खाली बसली. "दोन वरसं झाली, मी कानात तेल टाकायले. मला वाटलं कान गेले माजे."

मग तिनं सांगितलं. तिचे दोघे भाऊ त्या दिवशी आईला अंगणात ठेवून तिची वाट बघत थांबले होते. शेवटी लोक खोळंबले म्हणून माती उरकली. ती पोचल्यावर थोरला म्हणाला, जन्मल्या गावाचा रस्ता चुकतं का कुणी? येयाचंच नव्हतं म्हन. स्टँडवर तसंच पुकारलं होतं असं तिनं सांगितलं, तर चुलता म्हणाला की तिथला कंट्रोलर तर कधी चुकत नाही, हिनंच काहीतरी ऐकलं. हे ऐकून नानांनी डोळे मिटून घेतले. तेव्हापासून भाऊ बोलत नव्हते. दोन पंचम्या गेल्या, माहेरी न्यायला कुणी आलं नव्हतं. शेवटी शेवटी तिलाही वाटायला लागलं होतं की आपणच चुकलो.

नाना उठले. आजच जाऊ, म्हणाले. ती नको नको म्हणत होती, भाऊ दारात उभं करणार न्हाईत म्हणाली. नानांनी एवढंच सांगितलं की तुमी नुसतं बरोबर चला, बोलायचं माज्याकडं. तिनं दोन कपडे पिशवीत टाकले, दार लावलं. आम्ही केजला आलो आणि तिथून घाटाखालच्या पिंपळगावची गाडी धरली. नाना तिच्याशेजारी खिडकीत बसले होते आणि येणारं प्रत्येक गाव तिला नाव घेऊन सांगत होते.

भावाच्या अंगणात आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. थोरला भाऊ बाजेवर बसला होता. बहिणीला बघून उठला नाही. आम्हाला बसा म्हणाला, तिला काहीच म्हणाला नाही. ती पिशवी हातात घेऊन दारापाशी उभी राहिली. धाकटा आला, शेजारची चार माणसं जमली. मी घसा साफ केला. म्हटलं, आपण समजावून सांगावं, म्हणून पिशवीतून फोटो काढायला लागलो. नानांच्या मानेत गाठ होती, तिनं कॅल्शियम वाढलं, त्यामुळं माणसाच्या डोक्यात गोंधळ होतो, असं सगळं मी वाटेत जुळवून ठेवलं होतं. नानांनी माझा हात दाबला आणि फोटो परत पिशवीत सरकवले.

ते अंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी केजचा कंट्रोलर. तुमच्या बहिनीनं बरोबर ऐकलतं. मी चुकीचं पुकारलं."

एवढंच. गाठीचं नाव त्यांनी घेतलं नाही.

 थोरल्या भावानं नानांकडं पाहिलं, मग जमलेल्या माणसांकडं, मग बहिणीकडं. ती काही रडत नव्हती, ताठ उभी होती. त्यानं घरात तोंड करून बायकोला हाक मारली.

"आक्का आलीय," तो म्हणाला. "तिच्या हातातली पिशवी आत घे."